गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी: व्हिनेगर, पॅप की एचपीव्ही? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मी बनवलेले नाहीत. गोवंडी, मानखुर्द, कुर्ला या भागांतल्या शिबिरांत बायकांनी विचारलेले, बचत गटांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेले आणि काही नर्सिंगच्या मुलींनी चहाच्या टपरीवर टाकलेले असे आहेत. मी बरीच वर्षं सिस्टर म्हणून नोकरी केली, आता वस्तीतल्या तपासण्यांना हातभार लावते. तेच उत्तर दोनदा लिहायला नको म्हणून प्रश्नांना आकडे दिलेत, जिथे गरज आहे तिथे त्या आकड्याकडे पाठवलं आहे. एक विनंती: हातात स्वतःचा रिपोर्ट असेल तर तो डॉक्टरांना दाखवा, हे पान त्याची जागा घेणार नाही.

१. "पिशवीचा कॅन्सर" आणि "पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर" एकच ना?

नाही. शिबिरात मी तांब्या उलटा धरून दाखवते. वरचा फुगीर भाग म्हणजे गर्भपिशवी, खाली आलेला गळा म्हणजे तिचं तोंड, गर्भाशयमुख. या पानावरच्या सगळ्या तपासण्या त्या गळ्याच्या आहेत. वरच्या भागाचा कॅन्सर बहुतेक वेळा पाळी गेल्यानंतर रक्तस्राव होऊन लक्षात येतो, आणि तो शोधण्यासाठी या तपासण्या नाहीत. अंडाशयाचा तर आणखी वेगळा. "माझी व्हिनेगर टेस्ट नॉर्मल आली, म्हणजे आतलं सगळं ठीक" असा अर्थ कुणी काढू नये.

२. मला काहीच त्रास नाही. मग कपडे काढून तपासून कशाला घ्यायचं?

त्रास नाही तेव्हाच तर या तपासणीचा उपयोग. हा कॅन्सर जवळजवळ सगळा एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. हे शोधून काढणाऱ्या हाराल्ड त्सुर हाउझन यांना २००८ चं नोबेल मिळालं. शरीरसंबंध आलेल्या बहुतेक बायकांना आयुष्यात कधी ना कधी हा विषाणू लागतो आणि दोनेक वर्षांत शरीर त्याला आपोआप हुसकावून लावतं. काहींच्या अंगात मात्र तो ठाण मांडतो. मग पेशी हळूहळू बिघडत जातात आणि कॅन्सर व्हायला साधारण पंधरा ते वीस वर्षं लागतात. एवढा लांब वेळ आपल्या हातात असतो, आणि त्या सगळ्या काळात बाईला काहीही जाणवत नाही.

संबंधानंतर रक्त जाणं, पाळी गेल्यावर पुन्हा लाल दिसणं, घाण वासाचं पांढरं किंवा लालसर पाणी जाणं, असं काही होत असेल तर शिबिराची वाट पाहू नका. ती तपासणीची वेळ नाही, इलाजाची आहे. सरळ स्त्रीरोगाच्या ओपीडीत जा.

३. मुंबईत तर हा कॅन्सर कमी होतोय असं ऐकलं. मग एवढं का बोलताय?

कमी होतोय हे खरं. मुंबईत १९६४ पासून कॅन्सरची नोंदणी चालते, देशात ती पहिली, आणि तीत या कॅन्सरचं प्रमाण उतरत गेलेलं दिसतं. स्तनाचा कॅन्सर त्याच्या पुढे गेला आहे. पण देशाचा आकडा पाहा: २०२२ च्या जागतिक अंदाजात भारतात वर्षाला सुमारे १ लाख २७ हजार नवीन रुग्ण आणि जवळपास ८० हजार मृत्यू आहेत. आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या ज्या बायकांनी ही तपासणी कधीतरी केली होती त्यांचं प्रमाण शंभरात दोनसुद्धा भरलं नाही. १.९ टक्के.

४. तपासण्या किती प्रकारच्या? प्रत्येकीत नक्की काय करतात?

मुख्य तीन. पहिल्या दोन्हींत टेबलावर झोपवून स्पेक्युलम नावाचं साधन आत घालतात, म्हणजे तोंड दिसतं. ते गार लागतं आणि अवघडल्यासारखं होतं. सैल सोडलं की दुखत नाही.

व्हीआयए, म्हणजे आपल्या बोलण्यातली व्हिनेगर टेस्ट: तोंडाला सौम्य ॲसेटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी पाहतात. निकाल तिथल्या तिथे.

पॅप स्मियर: तोंडावरच्या पेशी खरवडून काचेवर घेतात. लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली प्रशिक्षित माणूस त्या वाचतो. निकाल काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी.

एचपीव्ही डीएनए: ब्रशने किंवा कापसाच्या काडीने नमुना घेऊन यंत्रात टाकतात. धोकादायक जातींचा विषाणू आहे की नाही एवढंच यंत्र सांगतं. माणसाच्या नजरेवर काही अवलंबून नसतं. यात स्पेक्युलमशिवायही भागतं, पाहा प्रश्न ११.

आयोडीन लावून पाहण्याचीही एक पद्धत आहे. निरोगी भाग गडद तपकिरी होतो, बिघडलेला मोहरीसारखा पिवळा राहतो. काही डॉक्टर व्हिनेगरच्या जोडीला ती वापरतात. तिच्याबद्दल वेगळे प्रश्न फारसे येत नाहीत.

५. व्हिनेगर लावून कॅन्सर कळतो? ही काय चायनीजची गाडी आहे?

हा प्रश्न कुर्ल्यात बालवाडीत भरलेल्या शिबिरात एका आजींनी विचारला होता आणि सगळ्या बायका हसल्या होत्या.

लागतं ते ३ ते ५ टक्के ॲसेटिक ॲसिड, स्वयंपाकाच्या व्हिनेगरच्या जवळपासच्या ताकदीचं. बिघडलेल्या पेशींत केंद्रक मोठं असतं, प्रथिनं जास्त असतात. ॲसिड लागलं की ती प्रथिनं तात्पुरती साकळतात आणि तो भाग पांढरा दिसतो. अंड्याचा बलक सोडून बाकीचं शिजल्यावर पांढरं होतं, साधारण तसंच.

प्रत्यक्षात असं होतं: भरपूर उजेडाचा दिवा पायाशी ओढून घेतात. कापसाचा बोळा भिजवून तोंडावर टेकवतात आणि घड्याळ लावतात. पूर्ण एक मिनिट. या मिनिटात बाई छताकडे बघत असते आणि सिस्टर तोंडाकडे. आधी सगळं गुलाबी. मग जिथे दोन प्रकारच्या त्वचा भेटतात त्या रेषेला लागून कधी एखादा ठिपका दुधाळ होतो आणि कडा स्पष्ट दिसायला लागतात. दाट पांढरा, ठळक कडेचा आणि त्या रेषेला चिकटलेला असेल तर पॉझिटिव्ह. विस्कटलेला, फिकट, रेषेपासून लांबचा असेल तर बहुधा नाही. हे "बहुधा" हीच या तपासणीची दुखरी नस आहे. दिवा मंद असला, घाई झाली, बघणारी नवखी असली की निकाल फिरतो. म्हणूनच अभ्यासागणिक तिच्या अचूकतेचे आकडे खूप वरखाली आहेत. सूज किंवा जंतुसंसर्ग असला तरी पांढरं दिसू शकतं.

घरी करून पाहू नका. स्वतःचं गर्भाशयमुख कुणालाच दिसत नाही, उगाच आग मात्र होईल.

६. एका वाक्यात सांगा, सगळ्यात चांगली कोणती?

बिघाड पकडण्यात एचपीव्ही. यावर आता वाद उरलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत तीच पहिली पसंती ठेवली.

याचा एक भक्कम पुरावा आपल्याच राज्यातला आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांवर बायकांचा अभ्यास झाला. टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाची माणसं त्यात होती. गावांचे ५२ गट पाडून चार वाटण्या केल्या: कुणाला एचपीव्ही, कुणाला पॅप, कुणाला व्हिनेगर आणि चौथ्या वाटणीला नेहमीचीच सेवा. प्रत्येक तपासणी आयुष्यात एकदाच. २००९ मध्ये निकाल छापून आला. एचपीव्हीच्या गटात या कॅन्सरने ३४ मृत्यू, चौथ्या गटात ६४. पॅप आणि व्हिनेगरच्या गटांत ठोस म्हणावी अशी घट दिसली नाही. ज्यांचा एचपीव्ही निगेटिव्ह आला त्यांच्यातली एकही बाई पुढच्या आठ वर्षांत या कॅन्सरने गेली नाही.

पण "चांगली कोणती" आणि "तुमच्या वस्तीत कोणती करावी" हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्यासाठी ८ वाचा.

७. मग मुंबईच्या अभ्यासात व्हिनेगरने मृत्यू घटले ते कसे? दोन्हींतलं एक काहीतरी खोटं असणार.

दोन्ही खरं आहे. टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईतल्या झोपडपट्ट्यांचे वीस गट घेतले. ३५ ते ६४ वयाच्या दीड लाख बायका होत्या. दहा गटांत दर दोन वर्षांनी व्हिनेगर तपासणी, अशा चार फेऱ्या. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, दहावीपर्यंत शिकलेल्या आणि चार आठवड्यांचं प्रशिक्षण दिलेल्या बायका होत्या. बारा वर्षांनंतर डॉ. सुरेंद्र शास्त्री यांनी २०१३ मध्ये निकाल मांडला: या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी.

फरक फेऱ्यांचा आहे. धाराशिवात एकच फेरी, इथे चार. एकदा नजरेतून सुटलेलं पुढच्या फेरीत सापडतं.

आणखी एक गोष्ट बातम्यांत आली नाही, आणि मला ती सगळ्यांत महत्त्वाची वाटते. मुंबईच्या अभ्यासात कॅन्सर होण्याचं प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखंच होतं, वर्षाला लाखात २६.७ आणि २७.५. कमी झाले ते मृत्यू. म्हणजे व्हिनेगरने कॅन्सर थोपवला असं नाही, तो लवकर हाती लागला आणि तपासणी गटातल्या जास्त बायका इलाज पुरा करून आल्या: ८६ टक्के, दुसऱ्या गटात ७२ टक्के. अर्धं काम ॲसिडने केलं असेल, उरलेलं दारोदार फिरून "ताई, चला, मी येते सोबत" म्हणणाऱ्या बायकांनी.

या अभ्यासावर टीकाही झाली. तुलनेच्या गटाला इतकी वर्षं फक्त आरोग्यशिक्षण दिलं, तपासणी नाही, हे नीतीत बसतं का, असा आक्षेप होता. आक्षेप वजनदार आहे. तेव्हा देशात तपासणीच होत नव्हती, म्हणून तुलना "नेहमीच्या सेवे"शी केली, ही अभ्यासकांची बाजू. मला दोन्ही कळतं, आणि त्या दुसऱ्या गटातल्या वस्त्या मी पाहिल्या आहेत, म्हणून माझं मन टीकाकारांकडे झुकतं.

८. परदेशात पॅप स्मियरने हा कॅन्सर आटोक्यात आला म्हणतात. आपल्याकडे का नाही?

कारण पॅप ही तपासणी नाही, साखळी आहे. नमुना नीट घ्यायचा, काच वेळेत लॅबला पोचवायची, ती वाचणारा तरबेज माणूस हवा, रिपोर्ट परत यायला हवा आणि त्यानंतर ती बाई सापडायला हवी. वर हे सगळं दर तीन वर्षांनी. श्रीमंत देशांनी हे दशकानुदशकं केलं, तेव्हा कुठे फळ मिळालं. एकदाच केलेली पॅप बरेच बिघाड सोडते, पुन्हा पुन्हा केल्यानेच ती भरवशाची होते.

आमच्या एका शिबिराची वही माझ्याकडे अजून आहे. पॅपचे रिपोर्ट पाच आठवड्यांनी आले. ज्यांना पुन्हा बोलवायचं होतं त्यांच्या नावांपुढे मी पेन्सिलीने लिहिलेलं आहे: "फोन बंद". "खोली बदलली". "गावी, गणपतीनंतर येणार". "सासू म्हणते गरज नाही". एकीच्या पुढे फक्त "?" आहे. तिच्या गल्लीत मी तीनदा गेले. तिथे रस्तारुंदीकरणात घरंच उठली होती.

म्हणून माझं मत असं: तपासणीची तुलना करताना नुसती अचूकता पाहू नका. नमुना घेतल्यापासून इलाज होईपर्यंत बाईला किती खेपा घालाव्या लागतात ते मोजा. घरकामाला जाणाऱ्या बाईची एक खेप म्हणजे एक खाडा. पॅपला तीन-चार खेपा, व्हिनेगरला एक पुरू शकते, एचपीव्हीला यंत्र जवळ असेल तर एक, नाहीतर दोन.

९. खर्चाचं काय?

व्हिनेगरला सामान किरकोळ लागतं, खर्च माणसाच्या प्रशिक्षणावर आणि देखरेखीवर. पॅपमध्ये लॅब. एचपीव्ही सगळ्यात महाग: खाजगी लॅबमध्ये हजार रुपयांच्या पुढेच. पण एचपीव्ही निगेटिव्ह आली की पाच ते दहा वर्षं निवांत, हे हिशेबात धरा. जीनएक्सपर्ट आणि गोव्यातल्या कंपनीचं ट्रूनॅट ही यंत्रं टीबीसाठी सरकारी दवाखान्यांत आधीच आहेत. वेगळी चिप किंवा कार्ट्रिज घातली की तीच एचपीव्हीही तपासतात, आणि तासाभरात. अडतं ते चिपच्या खरेदीपाशी.

१०. कोणत्या वयात आणि किती वर्षांनी करायची?

तिशीपासून. त्याआधी एचपीव्ही केली तर आपोआप जाणारे संसर्गच जास्त सापडतात आणि बाई उगाच घाबरते. एचपीव्ही असेल तर ५ ते १० वर्षांनी, व्हिनेगर किंवा पॅप असेल तर ३ वर्षांनी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या केंद्र सरकारच्या २०१६ च्या आराखड्यात ३० ते ६५ वयाला दर पाच वर्षांनी व्हिनेगर तपासणी आहे. दोन्हींत फरक आहे हे दिसतंच. तुमच्या महापालिकेच्या हेल्थ पोस्टमध्ये जे चालतं ते करा, पण तारीख लिहून ठेवा.

आणि आयुष्यात दोनदाच जमणार असेल तर? एकदा पस्तिशीच्या आत आणि एकदा पंचेचाळिशीच्या आत, शक्यतो एचपीव्ही. २०३० पर्यंत ७० टक्के बायकांची एवढी तरी तपासणी व्हावी, असं जागतिक उद्दिष्ट आहे. एचआयव्ही असलेल्यांसाठी १७ पाहा.

११. पुरुष डॉक्टर असला तर मी तपासून घेणार नाही. स्वतः नमुना घेता येतो का?

एचपीव्हीसाठी येतो. मऊ ब्रश किंवा काडी योनीत साधारण बोटभर आत सरकवायची, काही वेळा गोल फिरवायची, बाहेर काढून नळीत ठेवायची. आडोसा पुरतो, घरचं न्हाणीघरही चालतं. चांगल्या प्रतीची तपासणी असेल तर असा नमुना डॉक्टरांनी घेतलेल्याच्या जवळपास तितकाच भरवशाचा ठरतो. पडद्यातल्या बायकांसाठी, आणि "आत बघू देणार नाही" म्हणणाऱ्यांसाठीसुद्धा, यापेक्षा सोयीचं काही नाही. "नीट लागलं का नाही?" ही भीती सगळ्यांना असते. तोंडापर्यंत पोचायची गरज नाही, योनीतल्या ओलाव्यात विषाणू सापडतो.

पॅप आणि व्हिनेगर मात्र स्वतः करता येत नाही. पॉझिटिव्ह आलं तर तेव्हा तपासून घ्यावंच लागेल, हे आधीच मनाशी ठरवा.

१२. एचपीव्ही पॉझिटिव्ह आला. नवऱ्याने बाहेर काही केलं का?

या रिपोर्टवरून ते कळत नाही. विषाणू अंगात वर्षानुवर्षं गप्प राहतो. लग्नाच्या पहिल्या वर्षी आलेला पंधराव्या वर्षी दिसू शकतो. त्याच्याकडून आला की तुमच्याकडून, हेही सांगता येत नाही. पुरुषांसाठी अशी नेहमीची तपासणी नाही, त्यामुळे "त्याचीही टेस्ट करा" म्हणून काही निघणार नाही.

एचपीव्हीच्या बाबतीत मला ॲसिडच्या धुसर ठिपक्यापेक्षा याचीच जास्त काळजी वाटते. व्हिनेगर पॉझिटिव्ह आली तर बाई घरी सांगते, "तोंडाला जखम आहे म्हणे." एचपीव्ही पॉझिटिव्ह आली की कुणीतरी "हा संबंधातून येतो" एवढंच बोलून मोकळं होतं आणि घरात पेटतं. म्हणून नमुना घेण्याआधीच सांगायला हवं: हा सर्दीसारखा सर्रास असणारा विषाणू आहे, आणि पॉझिटिव्ह म्हणजे चारित्र्याचा दाखला नाही. रिपोर्ट बाईच्याच हातात द्यावा, शेजारणीकडे नाही.

१३. पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर? पुढे काय करतात?

नाही. तिन्हींपैकी कुठलीही पॉझिटिव्ह आली तरी बहुतेकींना कॅन्सर नसतो. पुढे दोन वाटा असतात.

एक, दुर्बिणीतून तोंड पाहतात, म्हणजे कॉल्पोस्कोपी, आणि शंका आली तर छोटा तुकडा काढून तपासायला पाठवतात. "तुकडा काढला की कॅन्सर पसरतो" हे ऐकून ऐकून माझे कान किटले. पसरत नाही. तुकडा काढल्याशिवाय कॅन्सर आहे हे ठरवताच येत नाही.

दुसरी, कमी साधनांच्या जागी सुचवलेली वाट: तपासा आणि लगेच इलाज करा. बिघडलेला भाग पूर्ण दिसत असेल, तोंडातून वर जाणाऱ्या नळीच्या आत शिरलेला नसेल, आणि कॅन्सरची शंका नसेल तर तिथेच शेक देतात. १०० अंशांपर्यंत तापणारी छोटी टोपी २० ते ३० सेकंद टेकवायची, थर्मल ॲब्लेशन. यंत्र हातात मावतं, बॅटरीवर चालतं, भूल बहुधा लागत नाही. पाळीच्या कळेसारखं दुखतं. आधी गॅसने गोठवायचे, पण तो सिलिंडर तिसऱ्या मजल्यावरच्या समाजमंदिरात चढवायचा म्हणजे चार माणसं. ठिपका मोठा किंवा आत गेलेला असेल तर रुग्णालयात तारेच्या फासाने तो भाग काढतात, त्याला लीप म्हणतात.

शेकल्यावर काही आठवडे पाण्यासारखं जातं. महिनाभर संबंध नकोत. वर्षाने पुन्हा तपासणी. ही वर्षाची तपासणी बुडवणाऱ्या फार.

१४. एचपीव्ही पॉझिटिव्ह, पण व्हिनेगर निगेटिव्ह. कुणाचं खरं मानू?

दोन्हींचं. विषाणू आहे, पण डोळ्यांना दिसेल असा बिघाड आज नाही. इलाज लागत नाही, दोन वर्षांनी एचपीव्ही पुन्हा करायची. एचआयव्ही असेल तर वर्षानेच. विषाणू १६ किंवा १८ जातीचा निघाला असेल तर मात्र एवढ्यावर थांबू नका, कॉल्पोस्कोपी करून घ्या. या कॅन्सरच्या दहापैकी सात केसेसमागे याच दोन जाती असतात.

१५. पाळी जाऊन दहा वर्षं झाली. आता कशाला?

करायला हवी, पण व्हिनेगर नको. वय वाढलं की ज्या रेषेपाशी बिघाड सुरू होतो (प्रश्न ५) ती नळीच्या आत सरकते. बाहेरून सगळं गुलाबी आणि गुळगुळीत दिसतं, आणि "नॉर्मल" लिहिलं जातं. या वयात एचपीव्ही, नाहीतर पॅप. पन्नाशीनंतर ओळीने दोन तपासण्या ठरलेल्या अंतराने निगेटिव्ह आल्या असतील तर थांबायला हरकत नाही. आयुष्यात एकदाही केली नसेल तर ही सूट तुमच्यासाठी नाही.

१६. माझी पिशवी काढली आहे. मला लागू नाही ना?

कागद शोधा. तोंडासकट काढली असेल आणि कारण गाठ किंवा जास्त रक्तस्राव असेल, तर तपासणी नको. तोंड ठेवून फक्त वरचा भाग काढला असेल तर हवी. बिघडलेल्या पेशी किंवा कॅन्सरमुळे काढली असेल तर डॉक्टर सांगतील तितकी वर्षं तपासावं लागतं. "काय काढलं ते माहीत नाही, डॉक्टर म्हणाले पिशवी खराब झाली" असं सांगणाऱ्या खूप भेटतात, वय तिशी-पस्तिशीचं. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्यांचा प्रश्न गाजला, तेव्हा मला नवल वाटलं नाही. अंगावरून पांढरं जाणं हे पिशवी काढण्याचं कारण नाही. कुणी "कॅन्सर होईल" म्हणून काढायला सांगत असेल तर आधी यातली एक तपासणी मागा.

१७. एचआयव्हीची औषधं चालू आहेत. काही वेगळं?

हो. या कॅन्सरचा धोका सुमारे सहापट आणि वाढही भरभर होते. पंचविशीपासून, दर ३ ते ५ वर्षांनी, एचपीव्ही आणि त्यानंतर दुसऱ्या तपासणीने खातरजमा. एआरटी सेंटरवर गोळ्या घ्यायला जाता तिथेच विचारा.

१८. गरोदर आहे / पाळी चालू आहे / तांबी बसवली आहे. चालेल?

तांबी असली तरी चालेल. पाळीत नको, संपल्यावर या. गरोदरपणात शिबिरात करत नाहीत, शेक तर अजिबात देत नाहीत. बाळंतपणानंतर निदान सहा आठवडे जाऊ द्या. पॅप असेल तर आधीचे दोन दिवस संबंध आणि आत ठेवायच्या गोळ्या टाळा.

१९. मुलीला एचपीव्हीची लस दिली. मग तिला तपासणी नको?

लागेल, तिशीनंतर. पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक २०२३ पासून मिळते, ती १६ आणि १८ सकट चार जातींवर आहे, पण धोकादायक जाती डझनभर आहेत. आणि उलट बाजूने, आईने स्वतः लस घेतली म्हणून आधीच लागलेला संसर्ग जात नाही. तिने पैसे तपासणीवर घालावेत.

२०. मुंबईत कुठे जाऊ?

सुरुवात जवळच्या महापालिकेच्या हेल्थ पोस्टपासून किंवा आपला दवाखान्यापासून करा, आरोग्य सेविकेला विचारा. पॉझिटिव्ह आलं तर केईएम, नायर, सायन किंवा कूपरच्या स्त्रीरोग ओपीडीत. सीएसएमटीजवळ कामा आहे, परळला टाटा. सकाळी लवकर जा. आधार आणि रेशन कार्ड बरोबर ठेवा, पुढे इलाज लागला तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी तेच मागतात.

२१. शिबिरात पॉझिटिव्ह सांगितलं, मोठ्या रुग्णालयात "काही नाही" म्हणाले. शिबिरवाल्यांनी फसवलं का?

हा प्रश्न रागाने येतो आणि राग रास्त आहे. मानखुर्दच्या एका ताईंचे दोन खाडे झाले, रात्रीची झोप गेली, आणि शेवटी निघाली नुसती सूज. फसवणूक नव्हती. चाळणी तपासणी मुद्दाम बारीक जाळीची ठेवतात, म्हणजे खरा बिघाड निसटू नये, आणि त्यात काही चांगलेही अडकतात. व्हिनेगरमध्ये असं जास्त होतं. एचपीव्हीमध्येही विषाणू सापडतो, बिघाड नसतो (प्रश्न १४). पण "तुम्हाला कॅन्सरची शंका आहे" असं शिबिरात कुणी बोललं असेल तर ती चूक आमची. "आणखी एकदा पाहायला हवं" एवढंच म्हणायचं असतं.

रुग्णालयात दुर्बिणीतून पाहिलं की नुसतं हाताने तपासलं, हे केसपेपरवर वाचून घ्या. कॉल्पोस्कोपी लिहिलेलं नसेल तर तपासणी अपुरी आहे, परत जा. लिहिलेलं असेल तर शिबिराचं कार्ड आणि केसपेपर एकाच पिशवीत ठेवा. पुढच्या वेळी पहिला प्रश्न हाच येतो की आधी काय निघालं होतं.